कायदा करणाऱ्यांची उघडी डोकी

निवडणुकीचा हंगाम असो, एखाद्या पक्षाचा वर्धापनदिन असो किंवा नववर्षाची शोभायात्रा असो, आमच्या शहरांतून मोटारसायकलींची फेरी निघाली नाही असे आता क्वचितच घडते. फेरीच्या अग्रभागी पुढारी असतात. त्यांच्या गळ्यात उपरणे असते, कपाळी टिळा असतो, मुखावर प्रसन्न हास्य असते आणि जनतेला अभिवादन करण्यासाठी एक हात वर उचललेला असतो. नसते ते फक्त डोक्यावरचे हेल्मेट. पाठोपाठ शेकडो तरुण येतात. एकेका गाडीवर तिघे तिघे, कोणी मागच्या आसनावर उभा राहून झेंडा फडकावीत, कोणी कर्णा सतत दाबून धरून. ज्या हवालदाराने सकाळी त्याच चौकात कचेरीस निघालेल्या एखाद्या कारकुनास अडवून दंड आकारलेला असतो, तोच हवालदार सायंकाळी या फेरीस वाट मोकळी व्हावी म्हणून रहदारी थोपवून धरतो. तो कारकूनही त्या थोपविलेल्या रहदारीत उभा असतो आणि सारे निमूटपणे पाहत असतो. तो काय विचार करीत असेल, याचा विचार मात्र पुढाऱ्यांपैकी कोणी केल्याचे दिसत नाही.

हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. म्हणूनच त्याविषयी स्पष्ट शब्दांत लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ अन्वये दुचाकी चालविणाऱ्याने आणि तिच्यावर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घातले पाहिजे. कलम १२८ प्रमाणे चालकाच्या मागे एकाहून अधिक माणूस बसविता येत नाही. कलम १२३ प्रमाणे मोटारीच्या पायफळीवर उभे राहून किंवा तिच्या टपावर वा पुढच्या झाकणावर बसून प्रवास करण्यास मनाई आहे. मोटारीत सीट बेल्ट बांधण्याचे बंधन मागच्या आसनावर बसणाऱ्यांनाही लागू आहे. संसदेने २०१९ साली हा कायदा अधिक कडक केला. हेल्मेट न घालणाऱ्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवान्यास मुकण्याची शिक्षा त्यात सांगितली. कलम १२९ मध्ये पगडी धारण करणाऱ्या शीख नागरिकांस सवलत आहे. आमदार, खासदार, नगरसेवक वा मंत्री यांस सवलत दिल्याचे त्या कलमात आम्हांस कोठेही आढळले नाही. पक्षाचे उपरणे किंवा मिरवणुकीचा फेटा हेल्मेटच्या जागी चालेल, असेही त्यात लिहिलेले नाही.

म्हणजे नियम संदिग्ध नाही आणि तो जुन्या काळी परक्या सरकारने लादलेलाही नाही. तो याच लोकप्रतिनिधींनी, त्यांच्याच सभागृहात, हात वर करून संमत केलेला आहे. तेच हात आता मोटारीच्या टपावरून जनतेला अभिवादन करीत आहेत, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल की, एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी अग्रलेख कशाला? ती क्षुल्लक आहे की नाही हे केंद्र सरकारच्याच आकड्यांवरून ठरवावे. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ माणसे दगावली. देशभरच्या मृतांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते आणि १६,७१५ जणांनी सीट बेल्ट बांधलेला नव्हता. हेल्मेट असते तर ते सर्वच्या सर्व वाचले असते असे कोणी म्हणणार नाही. परंतु जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की, हेल्मेटमुळे अपघातात मृत्यू येण्याचा संभव सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्यास इजा होण्याचा संभव सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे डोके खांबावर आदळणे म्हणजे जवळजवळ दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून म्हणा, जमिनीवर पडणे होय. हे पदार्थविज्ञान सर्व पक्षांना सारखेच लागू आहे. त्यात सत्ताधारी आणि विरोधक असा भेद नाही.

या बाबतीत महाराष्ट्राला तरी कोणी धडा देण्याची आवश्यकता नव्हती. ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघालेल्या गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीस एका चौकात दुसऱ्या गाडीची धडक बसली. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना पुरते दहा दिवसही झाले नव्हते. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. मागच्या आसनावरचा पट्टा केवळ शोभेसाठी असतो या गैरसमजापायी आपण एक मित्र गमावला, अशा आशयाचे उद्गार त्या वेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री आणि स्वतः वैद्य असलेले डॉ. हर्षवर्धन यांनी काढले होते. पुढे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. तेही मागच्या आसनावर होते आणि त्यांचाही पट्टा बांधलेला नव्हता. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्वांना पट्टा बांधण्याची सक्ती जाहीर केली. नियम मुळात होताच. तो आठवण्यासाठी एका नामवंताचा बळी जावा लागला.

मिस्त्री यांचा मृत्यू झाला त्याच महिन्यात केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी एक हकीकत सांगितली. ती विनोदी वाटते खरी, परंतु तिच्याकडे विनोद म्हणून पाहणे आम्हांस जमत नाही. आपण चार मुख्यमंत्र्यांच्या मोटारींतून प्रवास केला, पुढच्या आसनावर बसलो, तेव्हा पट्टा न बांधल्याची सूचना देणारा आवाज बंद राहावा म्हणून खाचेत नुसतीच चाप अडकवून ठेवलेली आढळली, असे त्यांनी सांगितले. त्यांनी नावे घेतली नाहीत आणि आम्हीही तर्क लढवीत नाही. मात्र या लहानशा चापेत आमच्या सार्वजनिक जीवनाचे एक मोठे दुखणे सामावले आहे. यंत्र सांगते, जपा. आम्ही स्वतःस जपत नाही. यंत्राचे तोंड बंद करतो.

पुढाऱ्यांच्या बाजूने जे सांगितले जाते तेही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. पहिले म्हणणे असे की, लोकांना आपल्या नेत्याचा चेहरा पाहायचा असतो आणि हेल्मेटमध्ये चेहरा झाकला जातो. हे खरे आहे. नेत्याने लोकांस दिसावे, ही अपेक्षा लोकशाहीत गैर नाही. परंतु दिसण्यासाठी फटफटीच हवी, असे कोणी सांगितले? १९३० साली साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर चालत गेलेला महात्मा लोकांस दिसला नाही काय? १९५१ साली पोचमपल्लीहून भूदानाची पदयात्रा सुरू करणारे विनोबा खेड्यापाड्यांतील माणसांस दिसले नाहीत काय? संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईच्या रस्त्यांवरून निघालेले प्रचंड मोर्चे पायीच निघाले होते. पायी चालणारा नेता लोकांस जवळून दिसतो, त्याच्याशी दोन शब्द बोलता येतात, आणि त्याच्या चालण्याने कोणाचे डोके फुटत नाही. आजच्या फेऱ्यांत नेता एका क्षणात समोरून निघून जातो. मागे उरतो तो धूर आणि कर्ण्यांचा गोंगाट.

दुसरे म्हणणे असे की, अशा फेऱ्यांचा वेग संथ असतो, तेव्हा अपघात होण्याचे कारण नाही. नेत्याची गाडी संथ चालत असेलही. परंतु फेरी सुरू होण्यापूर्वी तिच्यात सामील होण्यास आणि ती संपल्यावर घरी परतण्यास जे शेकडो तरुण निघतात, त्यांचा वेग संथ नसतो. मिरवणुकीतील उन्माद अंगात असतो, झेंड्याची काठी हातात असते आणि आज आपल्यास कोणी अडविणार नाही अशी खात्री मनात असते. ती खात्री त्यांस कोणी दिली? अग्रभागी असलेल्या त्या उघड्या डोक्याने.

तिसरे म्हणणे आमच्या पुणेकर वाचकांच्या विशेष परिचयाचे आहे. आधी रस्त्यांवरचे खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्याकडे पाहा, असे ते म्हणणे. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध जी चळवळ झाली, तीत निरनिराळ्या पक्षांची मंडळी खांद्यास खांदा लावून उभी राहिली. एरवी पाणी, कचरा किंवा शाळा या प्रश्नांवर ज्यांचे एकमत होत नाही, त्यांचे डोके उघडे ठेवण्यावर एकमत व्हावे, हा योग नवलाचाच होता. खड्ड्यांविषयीची तक्रार यथार्थ आहे आणि तीबद्दल महापालिकांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु रस्ता वाईट असेल तर हेल्मेटची गरज वाढते, कमी होत नाही. शिवाय खड्डे बुजविण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्या सभागृहांत बसण्यासाठी ही मंडळी मते मागतात. खड्डा बुजविणे हे त्यांचे कर्तव्य आणि हेल्मेट घालणे हेही त्यांचे कर्तव्य. एक कर्तव्य चुकल्याचे कारण सांगून दुसरे चुकविणे, हा युक्तिवाद न्यायालयात टिकणार नाही आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर तर मुळीच नाही.

आणखी एक म्हणणे सुरक्षाव्यवस्थेचे. ज्यांच्या जिवास धोका आहे त्यांच्या ताफ्यास काही बाबतींत वेगळे नियम लागतात, हे आम्ही मान्य करतो. सुरक्षेच्या यंत्रणेने ठरविलेल्या मार्गाविषयी वा वेगाविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्याच्या जिवास धोका आहे त्याने तर पट्टा आधी बांधावा! मारेकऱ्यापासून जपलेला जीव चौकातील धडकेत गमवावा, यात कोणती सुरक्षा साधते?

चूक घडल्यावर ती कशी निस्तरावी, याची उदाहरणे आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्यापासून खासदारांची तिरंगा फेरी निघाली. तीत खासदार मनोज तिवारी हेल्मेटविना दिसले. दिल्लीच्या वाहतूक पोलिसांनी त्यांस दंड केला, आणि तिवारी यांनी जाहीरपणे क्षमा मागून दंड भरण्याचे मान्य केले. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनचे त्या वेळचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी चालत्या मोटारीत पट्टा काढून एक प्रचारचित्रफीत काढली. ती पाहून लँकेशायरच्या पोलिसांनी त्यांस शंभर पौंडांचा दंड ठोठावला. पोलिसास बदलीची भीती वाटली नाही आणि पंतप्रधानास आपला अपमान झाला असेही वाटले नाही. दोन्ही प्रसंगी दंड झाला ही गोष्ट मोठी नाही; तो झाल्याने जगबुडी झाली नाही, ही गोष्ट मोठी आहे. आमच्या येथेही कायदा आपल्या पायांनी चालू शकतो, फक्त त्यास मध्येच कोणी दूरध्वनी करून थांबवू नये.

खरा प्रश्न त्या दूरध्वनीचा आहे. चौकातील हवालदारास आम्ही दोष देऊ इच्छीत नाही. ज्याची बदली ज्यांच्या शब्दावर होते, त्यांची गाडी त्याने अडवावी ही अपेक्षा वीरांकडून करावी, पगारी माणसाकडून नव्हे. कलम २१०-ब प्रमाणे कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेनेच नियम मोडला तर तिला दुप्पट दंड आहे. हवालदाराने नियम मोडल्यास दुप्पट आणि कायदा करणाऱ्याने मोडल्यास शून्य, हा हिशेब उलटा आहे. लोकप्रतिनिधींनाही या दुप्पट दंडाच्या कक्षेत आणण्याची दुरुस्ती संसदेत कोणी मांडील काय? मांडली तर तिच्या बाजूने किती हात वर होतात, ते पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत.

ती दुरुस्ती होईल तेव्हा होवो. तोवर करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत आणि त्यांस नवा कायदा लागत नाही. प्रत्येक वाहनफेरीस पोलिसांची परवानगी लागते. त्या परवान्यातच हेल्मेट, दोनच माणसे आणि टपावर कोणी नाही, या अटी ठळक लिहाव्यात आणि त्या मोडल्यास त्याच आयोजकास पुढील फेरीची परवानगी नाकारावी. फेरीची चित्रफीत पोलीस काढतातच. तीवरून सामान्य माणसाप्रमाणे पुढाऱ्यांनाही घरपोच चलन पाठवावे. निवडणूक आयोगाने ताफ्यातील वाहनांच्या संख्येवर मर्यादा घातल्या आहेत. त्यांच्याच जोडीस ही अट घालावी. आणि पक्षांनी झेंडे, टोप्या व उपरणी वाटण्यावर जो पैसा खर्च केला जातो, त्यातील काही हेल्मेटवर खर्चावा. त्यावर पक्षाचे चिन्ह रंगविण्यास आमची हरकत नाही. एका तरुणाचे प्राण वाचले तर त्या चिन्हाचा तेवढा प्रचार आम्ही आनंदाने सहन करू.

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या मोटारींवरचे लाल दिवे उतरले. त्या वेळी विशेषाधिकाराची संस्कृती संपली असे सांगण्यात आले आणि लोकांनी त्याचे स्वागत केले. दिवा टपावरून उतरला खरा. परंतु आता पुढारीच टपावर जाऊन बसले आहेत. त्यांनी तेथून खाली उतरावे, आसनावर बसावे आणि पट्टा बांधावा. दुचाकीवर बसायचे असेल तर हेल्मेट घालून बसावे. यथा राजा तथा प्रजा हे वचन राजेशाहीत जितके खरे होते त्याहून ते लोकशाहीत अधिक खरे आहे. कारण येथे प्रजा राजाचे अनुकरण भीतीने करीत नाही, प्रेमाने करते. फेरीत मागे येणारा विशीतला मुलगा आपल्या नेत्याप्रमाणेच केस वळवितो, त्याच्याप्रमाणेच उपरणे घेतो आणि त्याच्याप्रमाणेच उघड्या डोक्याने गाडी हाकतो. नेत्याच्या भोवती अंगरक्षक असतात आणि मागे रुग्णवाहिका असते. त्या मुलाच्या मागे फक्त त्याची आई असते, आणि ती घरी वाट पाहत असते.