स्टेपनीतली हवा, जामनेरची गाडी आणि जुने यंत्र ‘सुधारण्याचा’ अट्टहास

#थ्रेड

१/
फोक्सवॅगन बीटलच्या १९६० च्या दशकातील अनेक गाड्यांमध्ये समोरची काच धुणारा पाण्याचा फवारा विजेवर चालत नसे. तो चाले स्टेपनीतल्या हवेवर. हे वाचून हसू येणे स्वाभाविक आहे. मात्र हे हसू हातात पाना घेऊन अमलात आणणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि हा धागा त्यांच्याविरुद्ध आहे.

२/
आधी रचना समजून घेऊ. बीटलचे इंजिन मागे, डिकी पुढे. डिकीत स्टेपनी आणि तिच्याजवळच पाण्याची टाकी. स्टेपनीच्या वॉल्व्हपासून एक रबरी नळी टाकीकडे जाते आणि पाण्यावर सतत दाब ठेवते. चालकाने वायपरच्या खटक्यातले बटण दाबले की झडप उघडते आणि पाणी काचेवर उडते. पंप नाही, मोटर नाही, फ्यूजही नाही. ज्या गाडीची वीजव्यवस्था बरीच वर्षे अवघ्या ६ व्होल्टची होती, तिच्यात विजेचा आणखी एक ग्राहक टाळणे हा हिशेब होता. त्याला वेडेपणा म्हणता येत नाही. २००३ मध्ये मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची जुनी बीटल बाहेर पडली, तोवर एकूण संख्या सुमारे २ कोटी १५ लाखांवर गेली होती. इतक्या गाड्या खपवणाऱ्यांना हिशेब कळत नव्हता, असे मानणे धाडसाचे ठरेल.

३/
‘काच धुता धुता स्टेपनीच बसली तर?’ हा विनोद जुना आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने. स्टेपनीत रस्त्यावरच्या चाकांपेक्षा जास्त हवा भरायची, आणि दाब ठरावीक पातळीपर्यंत उतरला की वाट बंद करणारी झडप मध्ये बसवायची. फवारा थांबतो, स्टेपनी वापरण्याजोगी उरते. आरेखकाने विनोद आधीच ऐकला होता.

४/
मग आज या गाड्यांमध्ये गळती का होते? कारण रबर म्हातारे होते. खानदेशी उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद डिकीतल्या नळीचे काय होत असेल ते सांगायला नको. ती कडक होते, टोकाशी चिरते, झाकणातला वायसर चपटा होतो.

गळती शोधण्याची रीत मात्र जामनेरच्या कोणत्याही पंक्चरवाल्याला ठाऊक आहे: साबणाचे पाणी लावा आणि बुडबुडे पाहा. टाकीतले पाणी तेवढेच राहून स्टेपनी मऊ पडत असेल, तर दोष हवेच्या बाजूला, म्हणजे नळी, जोड किंवा झाकणात. डॅशबोर्डखाली पाणी ठिबकत असेल, तर दोष खटक्यातल्या झडपेत. आणि स्टेपनी साफ बसली असेल, तर दाब राखणारी झडपच निकामी, किंवा गळती तिच्याही अलीकडे, टायरच्या तोंडाशी. झडप शाबूत असेल तर तिच्या पलीकडची गळती स्टेपनीला पूर्ण रिकामी करू शकत नाही. इतके तर्कशुद्ध यंत्र दुरुस्त करायला नव्या नळीचा तुकडा, दोन क्लिपा, एक वायसर आणि एक मोकळी दुपार लागते.

५/
तरीही सर्रास दिला जाणारा सल्ला असा: ‘हे झंझट काढून टाका, विजेचा पंप बसवा.’ आणि वर त्या कामाला नाव ‘रिस्टोरेशन’!

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. भाग बदलणे वेगळे, तत्त्व बदलणे वेगळे. नळी झिजणारच, ती मूळ कारखान्यातही बदलण्यासाठीच बनवलेली होती. नव्या नळीने गाडीचा इतिहास पुसला जात नाही. वाड्याची कुजलेली तुळई बदलली तरी वाडा वाडाच राहतो. माळवद पाडून स्लॅब ओतला की मग उरतो तो वाड्याचा पत्ता.

६/
एरंडोल तालुक्यातील फरकांड्याचे झुलते मनोरे आठवावेत. त्यांची ख्याती उंचीची नव्हती. एक हलवला की दुसरा हले, ही होती. ‘मजबुती’च्या नावाखाली सिमेंट ओतून ते ताठ केले असते, तर दगड वाचले असते आणि मनोरे गेले असते.

७/
जामनेरच्या वाचकाला हवेचे हे प्रकरण परके वाटायला नको. या गावाने सुमारे शंभर वर्षे हवेने थांबणारी गाडी पाहिली आहे: पाचोरा–जामनेर नॅरोगेज, लोकांच्या तोंडी ‘पीजे’. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या काळात घातलेला ७६२ मिलिमीटर मापाचा, सुमारे ५६ किलोमीटरचा, शेंदुर्णी-पहूरमार्गे जाणारा हा रूळ. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली.

भारतातील नॅरोगेज गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. इंजिन सर्व डब्यांखालच्या नळीतून हवा शोषून घेई आणि तोवर ब्रेक मोकळे राहत. नळीत हवा शिरली की बाहेरच्या हवेचा दाब सिलिंडरमधील दट्ट्या ढकले आणि ब्रेक लागत. म्हणजे दोन डब्यांमधला होजपाइप चिरला तर गाडी आपोआप थांबे. बीटलची गळती चालकाला कळत नाही. स्टेपनीची गरज पडते तेव्हाच उमगते. व्हॅक्यूम ब्रेकची गळती मात्र लपत नाही. एकाच हवेवर बांधलेले हे दोन वेगळे विचार आहेत, आणि ते कळतात फक्त यंत्र चालू असेल तेव्हा.

८/
ब्रॉडगेज नको, असा येथे दावा नाही. जामनेरकरांना वेगवान गाडी हवी आहे आणि ती मागणी रास्त आहे. प्रश्न मागे उरणाऱ्या वस्तूंचा आहे. आपल्याकडे जुन्या इंजिनाला रंग फासून, चौथऱ्यावर चढवून, समोर सेल्फीची जागा केली की वारसा जपला असे मानतात. एक डबा, एक सिलिंडर आणि हवा शिरली की लागणारा ब्रेक शाळकरी मुलांना प्रत्यक्ष दाखवता आला, तर त्या चौथऱ्यापेक्षा ते शंभरपट मोलाचे ठरेल.

९/
कायद्याचीही दृष्टी अशीच ढोबळ. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. मूळ स्वरूप कशावरून? चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. फवारा या यादीत कुठेच बसत नाही. तो उपटून पंप बसवला तरी गाडी कागदोपत्री ‘मूळ’च.

शिवाय अशी गाडी रस्त्यावर नियमित वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. प्रदूषण आणि सुरक्षिततेच्या अंगाने हे समजण्याजोगे आहे. पण पडून राहिलेल्या झडपा अडकतात, कोरडे वायसर तडकतात. म्हणजे कायदा फवाऱ्याला संरक्षण देत नाही आणि त्याचा सरावही मोडतो. उरतो फक्त मालक.

१०/
३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. शोकलेखांत काळा-पिवळा रंग होता, पावसाळी आठवणी होत्या, सिनेमे होते. कार्बोरेटर क्वचितच होता. इतिहासप्रेमी तरुणांनी हे मनाला लावून घ्यावे. तलवारीची मूठ कोणत्या घडणीची, यावर रात्ररात्र वाद घालणारी मंडळी यंत्राच्या बाबतीत मात्र ‘दिसायला जुनी आहे ना, मग झाले’ यावर समाधान मानतात.

११/
‘सुरक्षिततेचे काय? धुळीने काच माखली तर?’ हा आक्षेप गंभीर आहे, आणि पाचोऱ्याच्या रस्त्यावर वैशाखात गाडी हाकलेला माणूस तो हसण्यावारी नेणार नाही. पण गळती बंद केलेला हवेचा फवारा काच धुतोच. त्यासाठीच तो बनवला होता. तो निकामी असल्याची तक्रार बहुधा त्याच गाड्यांबद्दल येते, ज्यांची नळी कित्येक वर्षांत कुणी बदललेली नसते. आणि ज्यांनी आधीच पंप बसवला आहे, त्यांनी निदान काढलेली टाकी, झाकण आणि झडप भंगारात देऊ नये. पिशवीत बांधून, चिठ्ठी लावून डिकीतच ठेवावी. पुढच्या मालकाला लागेल.