निसर्ग वादळ, टाळेबंदी आणि वाडीचा हिशेब : पोफळ पुन्हा धरेपर्यंत घरखर्च कसा सांभाळाल?



31 ऑगस्ट 2020 ला देशाच्या सकल उत्पादनाचे आकडे जाहीर झाले. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा 23.9 टक्के घट, आणि शेतीत मात्र 3.4 टक्के वाढ. ‘शेतीने देशाला तारले’ असे मथळे आपण वाचले. श्रीवर्धन तालुक्यात बसून ते वाचताना मात्र वेगळे वाटते. इथे 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि एका दुपारी वाड्या आडव्या झाल्या. देशाच्या सरासरीत आपली वाडी दिसत नाही.

गेल्या महिन्यात बोर्ली पंचतनला एका बागायतदारांच्या ओटीवर बसलो होतो. रोगाबद्दल किंवा खताबद्दल विचारतील असे वाटले होते. त्यांनी विचारले, "भरपाईचे पैसे आलेत. यातून रोपे घेऊ, की घरात ठेवू?" हाच प्रश्न तेव्हा अनेक घरांत होता, म्हणून आजचा लेख पिकाइतकाच पैशाच्या नियोजनावर आहे.

नेमके काय बिघडले आहे?

या पट्ट्यातले घर सहसा एका कमाईवर चालत नाही. पोफळी-माडाची वाडी, थोडे भात, दिवेआगर-श्रीवर्धनकडे येणाऱ्या पर्यटकांसाठी एक-दोन खोल्या, मुंबईतल्या चाकरमान्याकडून येणारे पैसे आणि अनेक घरांत आखातातून येणारे पैसे. एक आटले तर दुसरे सांभाळून घेते, ही आपली जुनी व्यवस्था.

2020 मध्ये सगळे एकदम आटले. 25 मार्चपासून टाळेबंदी लागली आणि उन्हाळ्याचा पर्यटन हंगाम गेला. मुंबईत पगार कापले गेले, काहींच्या नोकऱ्या गेल्या, आखातातूनही माणसे परत आली. त्यावर जूनमध्ये वादळ. यातली टाळेबंदी उठणार होती, पर्यटक परत येणार होते, मुंबईही सुरू होणार होती. पोफळ मात्र लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षे घेते आणि पूर्ण भरात यायला दहा वर्षांच्या आसपास जाते. उंच जातीच्या माडाचेही तसेच.

म्हणजे आपल्यापुढे दोन वेगवेगळे खड्डे आहेत. एक वर्ष-दीड वर्षाचा, मंदीचा. दुसरा सात-आठ वर्षांचा, वाडीचा. दोन्हींना एकाच पैशाने आणि एकाच कर्जाने बुजवायला गेलो तर दोन्ही अर्धवट राहतील. पुढचे सगळे याच मुद्द्यावर आहे.

भरपाई म्हणजे किती?

राज्य सरकारने 2020 मध्ये बहुवार्षिक फळबागांसाठी मदत हेक्टरी 18,000 वरून 50,000 रुपये केली. वाढ मोठी आहे. पण आपली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. हेक्टरी 50,000 म्हणजे गुंठ्याला साधारण 500 रुपये. 15 गुंठ्यांच्या वाडीला सुमारे साडेसात हजार. शिफारशीप्रमाणे 2.7 बाय 2.7 मीटरवर लागवड धरली तर 15 गुंठ्यांत दोनशेच्या आसपास पोफळी बसतात. जुन्या वाड्यांत त्याहून दाट असतात. झाडागणिक भरपाई द्या, ही बागायतदारांची मागणी त्यामुळेच रास्त आहे.

ती मागणी पुढे जाईल तेव्हा जाईल. आज हातातल्या रकमेला बुडालेल्या बागेची किंमत समजू नका. ती काही आठवड्यांची सोय आहे.

आधी महिने मोजा

एक कागद घ्या. सोयीसाठी एक कुटुंब धरू. 15 गुंठे वाडी, भरपाई 7,500 रुपये, बँकेत शिल्लक 60,000. एकूण 67,500. घरखर्च काटकसर करून महिना 7,000.

- पडलेली झाडे काढायला 12,000 गेले, तर उरले 55,500. मुंबईहून काहीच येत नसेल तर हे जेमतेम आठ महिने पुरतात, म्हणजे पुढच्या एप्रिलपर्यंत.
- मुलगा महिना 3,000 पाठवत असेल तर शिलकीतून दरमहा 4,000 च जातात. मग हेच पैसे सुमारे चौदा महिने, 2021 च्या दिवाळीपर्यंत पुरतात.
- आजच 20,000 रुपये रोपे आणि खड्ड्यांवर घातले, तर पहिल्या घराकडे पाच महिने उरतात, दुसऱ्याकडे नऊ.

आकडे तुमचे घाला, पण भागाकार कराच. किती रुपये आहेत यापेक्षा किती महिने आहेत हे कळले की निर्णय सोपे होतात. रेशनवर माणशी 5 किलो मोफत धान्य 2020 मध्ये नोव्हेंबरपर्यंत होते आणि पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत येतात. तेही कागदावर मांडा. आणि हा कागद घरातल्या बाईमाणसांसमोर मांडा. बचत गटाचा हप्ता, भिशी, दुकानाची उधारी यांचा खरा हिशेब बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असतो.

कोणता खर्च थांबवू नये?

पैसे कमी असले की माणूस दिसेल तो खर्च पुढे ढकलतो. वाडीतले तीन खर्च पुढे ढकलणे महागात पडेल.

1. *पडलेले माड हलवणे.* कुजणारी खोडे आणि शेणखताचे ढीग यांत गेंड्या भुंगा वाढतो. जखमी माडांकडे सोंड्या भुंगा ओढला जातो. वादळातून वाचलेले माड हे भुंगे घालवतील. सगळे एकदम जमत नसेल तर उभ्या माडांजवळची खोडे आधी काढा. शेजारी मिळून करवतयंत्र आणि मजूर ठरवलेत तर खर्च वाटला जातो. पोफळीची सरळ खोडे मांडव, वई आणि केळीच्या आधारासाठी बाजूला ठेवा.

2. *उभ्या पोफळींना ऊन लागू न देणे.* सावलीत वाढलेले झाड एकाएकी उघडे पडले की नैऋत्येच्या बाजूने खोड भाजते, चिरते आणि पुढे वाऱ्यात मोडते. पाऊस उघडला की त्या बाजूला झावळ्या बांधा किंवा चुन्याचा हात द्या. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

3. *वाचलेल्या झाडांचे खत आणि फवारणी.* शंभरातल्या तीस पोफळी उभ्या असतील तर पुढची सात वर्षे त्याच तुमची सुपारी आहेत. शेणखत त्यांना आधी द्या. पुढच्या पावसाळ्याआधी कोळेरोगासाठी 1 टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी चुकवू नका.

आधी केळ, मग पोफळ

रोपे आत्ता घ्यावीत का, याचे उत्तर शेतीशास्त्र आणि घरचा हिशेब दोन्ही सारखेच देतात. पोफळीचे कोवळे रोप उन्हात टिकत नाही आणि आपल्या वाडीत आज सावली नाही. म्हणून क्रम असा ठेवा :

- *ऑक्टोबर 2020 :* वाडीतल्या किंवा शेजाऱ्यांकडच्या निरोगी केळीचे मुनवे लावा. पुढच्या जूनपर्यंत सावली तयार होते आणि साधारण वर्षाने घड येतात. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या घराचे पैसे संपायच्या आत ही कमाई सुरू होते.
- *नोव्हेंबर :* भात कापल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर कडवे वाल पेरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतात. वाल घरात खाल्ले जातात आणि विकलेही जातात. ज्या घराचे पैसे एप्रिलपर्यंतच पुरणार आहेत, त्याच्यासाठी हे पीक फार मोलाचे.
- *या हिवाळ्यात :* वाचलेल्या चांगल्या पोफळींची पूर्ण पिकलेली, 35 ग्रॅमपेक्षा जड असोली फळे निवडून देठाकडची बाजू वर ठेवून वाळूच्या वाफ्यात लावा. दीड-दोन महिन्यांत कोंब येतात. 12 ते 18 महिन्यांची, पाच पानांवरची रोपे जून 2022 मध्ये लावता येतील.
- *मे-जून 2021 :* सुरण आणि हळद लावा, आठ-नऊ महिन्यांत काढणी. उभ्या माड-पोफळींवर मिरीचे वेल चढवा. तिसऱ्या वर्षापासून मिरी धरू लागते.

घरच्या रोपांमुळे एक वर्ष मागे पडते, हे खरे. विकतचे रोप जून 2021 मध्ये लावले तर 2027-28 ला धरेल, घरचे 2028-29 ला. ज्यांच्याकडे वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवून पैसे उरतात त्यांनी काही रोपे विकत घ्यावीत. ज्यांच्याकडे उरत नाहीत त्यांनी ते एक वर्ष खुशाल जाऊ द्यावे. मागणी वाढली की वाटेल ती रोपे बाजारात येतात. चुकीचे रोप लावल्याचे कळायला सात वर्षे जातात. घ्यायचीच तर श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात ‘श्रीवर्धनी’ जातीच्या रोपांची चौकशी करून नाव नोंदवा.

कर्ज : झाडाचे वय आणि कर्जाची मुदत

*पीक कर्ज* वर्षभरात फेडायचे असते. 2020 मध्ये वेळेत फेडले तर 3 लाखांपर्यंतच्या कर्जावर 7 टक्क्यांतून 3 टक्के सूट मिळत होती, राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची सूट वेगळी. वाल, हळद, केळ यांसाठी हे चांगले. या पैशातून पोफळ लावली तर पहिला हप्ता येईल तेव्हा झाड गुडघ्याएवढेच असेल. नव्या लागवडीसाठी मुदत कर्जच मागा आणि परतफेड झाड धरल्यानंतर सुरू होईल का, हे सही करण्याआधी विचारा.

*जुने थकलेले कर्ज* असेल तर हे लक्षात ठेवा : नैसर्गिक आपत्तीत 33 टक्के किंवा अधिक नुकसान असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 2020 मधल्या निर्देशांप्रमाणे व्यापारी बँकांना पीक कर्जाचे पुनर्गठन करता येत होते. नुकसान 33 ते 50 टक्के असेल तर परतफेडीला दोन वर्षांपर्यंत, 50 टक्क्यांच्या वर असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत मिळू शकत होती. ही सवलत आपोआप मिळेल असे धरू नका. पंचनाम्याची नक्कल जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोसायटी आणि जिल्हा बँकेची चौकशी वेगळी करा.

*हप्ते-स्थगिती* मार्च ते ऑगस्ट 2020 होती, ती संपली. त्या काळात व्याज चालूच होते. 12 टक्के दराच्या 1 लाखावर सहा महिन्यांत सुमारे 6,150 रुपये चढले. व्याजावरच्या व्याजाचा प्रश्न 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात होता. हप्ता बुडवू नका. जमत नसेल तर बँकेत जाऊन आधी सांगा.

*सोने तारण* 2020 मध्ये सोपे झाले होते. शेतीबाहेरच्या गरजेसाठी सोन्याच्या किमतीच्या 75 ऐवजी 90 टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला 6 ऑगस्टला बँकांना परवानगी मिळाली, ती 31 मार्च 2021 पर्यंत होती. सोन्याचा भाव 2020 मध्ये विक्रमी होता. पण भाव उतरला तर 90 टक्क्यांवर घेतलेल्या कर्जाला आधार उरत नाही, मग बँक जादा रक्कम मागते. मिळते तेवढे उचलू नका, सोडवता येईल तेवढेच उचला. कोणत्या महिन्यात कोणत्या पैशातून सोडवणार, हे सांगता येत नसेल तर तारण ठेवू नका.

*खासगी व्याज* महिना 3 टक्के ऐकायला थोडे वाटते. 50,000 वर महिना 1,500 आणि वर्षाला 18,000 होतात, मुद्दल तसेच राहते. वर्षभराची केळी त्यातच जातील.

आणि *जमीन.* वादळानंतर दलाल फिरू लागले होते. मंदीत, पडक्या वाडीकडे बोट दाखवून केलेला भाव हा वाडीचा सर्वांत कमी भाव असतो. घरात आजारपणासारखी अगदी अडलेली गरज नसेल तर हा निर्णय किमान एक वर्ष लांबवा.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कोकणातल्या सातबारावर दहा-बारा सहहिस्सेदार असतात, निम्मे मुंबईत. संमतीपत्राअभावी मदत आणि कर्ज दोन्ही अडते. 2020 च्या गणपतीला आलेले चाकरमानी परतले, पण काही टाळेबंदीमुळे गावातच राहिले होते. सह्या आत्ताच करून घ्यायला सांगा. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोकणासाठी किमान क्षेत्र 0.10 हेक्टर, म्हणजे 10 गुंठे आहे. माड, आंबा, कोकम लावणाऱ्या लहान शेतकऱ्यांनाही त्यात बसवता येते. रोजगार हमीच्या फळबाग लागवडीसाठी कोण पात्र आहे, याची वाडीवार यादी करा. आणि गावबैठकीत पिकाच्या वेळापत्रकाबरोबर घरखर्चाचा कागदही भरून घ्या.

शेवटी

ओटीवरच्या त्या बागायतदारांना मी सांगितले ते असे : भरपाईतून उभ्या माडांजवळची खोडे हलवा, बाकीचे पैसे घरात ठेवा, मुनवे शेजाऱ्याकडून आणा आणि हिवाळ्यात फळे निवडायला मला बोलवा. त्यांच्या वाडीत साठेक पोफळी अजून उभ्या आहेत. रोपांचे बी तिथूनच येणार आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भात कापणीच्या गडबडीआधी एक संध्याकाळ काढा. कागदावर तीन रकाने करा : एक वर्षाचे पैसे, तीन वर्षांचे पैसे, सात वर्षांचे पैसे. प्रत्येक खर्च आणि प्रत्येक कर्ज योग्य रकान्यात बसते का, तेवढे पाहा.