कडकनाथला परसात परत जाऊ द्या

इन्स्टाग्रामवर ‘कडकनाथ’ शोधून बघा. काळीकुट्ट कोंबडी हातात धरून कुणीतरी ‘नोकरी सोडा, लाखो कमवा’ म्हणताना सापडेल. पुढच्या रीलमध्ये तीच कोंबडी मधुमेहापासून वांझपणापर्यंत सगळं बरं करत असते. दोन्ही थापा आहेत, आणि या थापांपायी एक चांगली देशी जात बदनाम होतेय.

आधी ही कोंबडी कुठली, ते सांगतो. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार या पट्ट्यात भिल आणि भिलाला घरांनी तिला पिढ्यान्‌पिढ्या अंगणात वाढवलं. तिथं ती कालीमासी. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. तिची कातडी, मांस, हाडंसुद्धा काळसर असतात, कारण तिच्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालाय आणि त्यामुळे रंगद्रव्याच्या पेशी शरीरभर पसरतात. अंडं मात्र फिकट तपकिरी असतं. काळं अंडं दाखवणारा तुम्हाला गंडवतोय.

आता ‘लाखो कमवा’कडे येऊ. योजना अशी असते: आमच्याकडून पक्षी घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ. ती अंडी खातं कोण? कुणीच नाही. त्यांची पिल्लं पुढच्या शेतकऱ्याला विकली जातात. साधा हिशोब करू. कडकनाथ वर्षाला साधारण १०० अंडी देते. १०० कोंबड्यांची १०,००० अंडी. त्यातले निम्मे पक्षी जगले आणि त्यात निम्म्या माद्या धरल्या, तर २,५०० कोंबड्या. म्हणजे एका शेतकऱ्यामागे वर्षभरात २५ नवे शेतकरी लागणार. दुसऱ्या वर्षी ६२५. तिसऱ्या वर्षी १५,६२५. हे गणित मोडणारच होतं. २०१९ मध्ये सांगली, कोल्हापूर, सातारा भागात ते मोडलं, आणि हजारो शेतकऱ्यांच्या शेडमध्ये गिऱ्हाईक नसलेले पक्षी उरले. दोष कोंबडीचा नव्हता, पण नाव तिचंच खराब झालं.

औषधाची थाप याच धंद्याची जाहिरात आहे. कडकनाथच्या मांसात चरबी कमी असते, हे खरं. हिंडून-फिरून, सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याचं मांस तसंच असतं. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. कडकनाथला सव्वा-दीड किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात. म्हणून ती महाग. पण कोंबडी खाऊन मधुमेह जात नाही. असं सांगून कुणाची गोळी बंद करायला लावणं हा गुन्हाच आहे.

तिसरा घोळ शुद्धतेचा. काळेपणा आणणारं जनुक प्रभावी आहे, त्यामुळे गावठीशी संकर झाला तरी काळी पिल्लं निघू शकतात. नुसता रंग बघून हजारोंनी पिल्लं विकली, की जात आतून विरघळत जाते आणि वरून काळीच दिसते.

मग करायचं काय? कमी पाळा आणि नीट पाळा. आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो. दिवसा मोकळं हिंडू द्या, रात्री मुंगूस आणि बोका शिरणार नाही असं खुराडं द्या. पहिल्याच आठवड्यात मानमोडीची लासोटा लस द्या, कारण तो रोग आला की अख्खा कळप झोपतो. कडकनाथ उबवायला फारशी भरवशाची नाही, म्हणून तिची अंडी खुडूक बसलेल्या गावठी कोंबडीखाली ठेवा. पण अंड्यांवर खूण करा आणि गावठी कोंबडा कळपात येऊ देऊ नका. दर एक-दोन वर्षांनी दुसऱ्या कळपातला नर आणा, नाहीतर रक्ताच्या नात्यातच पैदास होत राहते.

काहीजण म्हणतील, दहा-दहा कोंबड्यांनी जात वाचत नसते, त्याला पैसा आणि मोठी हॅचरी लागते. हॅचरी हवीच. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या हॅचरीसारख्या ठिकाणीच खात्रीची पिल्लं मिळतात. पण हॅचरी पिल्लं देते, जात सांभाळतं ते घर. दहा घरांत दहा कळप असतील, तर एका घरात मानमोडी आली तरी नऊ उरतात. एका शेडमध्ये हजार असतील, तर एका रात्रीत सगळं संपतं.

पैशाचाही प्रश्न आहेच. परसातली अंडी आणि कोंबडी विकून आलेले पैसे बहुतेक घरांत बाईच्या हाती राहतात. वहीचा, दवाखान्याचा खर्च त्यातून भागतो. शेड, कर्ज आणि करारनामा आला की व्यवहार पुरुषाच्या नावावर जातो, आणि बुडाला तर घरच बुडतं.

तुमच्या काकाने किंवा मित्राने उद्या अशा योजनेची लिंक पाठवली, तर त्याला एवढंच विचारा: शेवटी ही कोंबडी खाणार कोण? उत्तरात आणखी एका गुंतवणूकदाराचं नाव आलं, तर पैसे भरू नका. कडकनाथ आवडत असेल, तर अंगणात दहा पाळा.