गुळणीची भीती

बाळाला उताणे झोपवा असे डॉक्टरांनी सांगितले, की खोलीतून पहिला प्रश्न येतो : गुळणी टाकली तर? दूध श्वासात जाईल! मग बाळाला कुशीवर वळवतात, पाठीला दुपट्याची गुंडाळी लावतात. काही घरांत तर सरळ पालथेच घालतात. तसे ते गाढ झोपते म्हणून. ही भीती अडाणीपणा म्हणून झटकली जाते. ते बरोबर नाही. ही भीती एके काळी डॉक्टरांनीच छापून वाटली आहे.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनाचे पुस्तक जगभर कोट्यवधी घरांत गेले. 1950च्या दशकाच्या मध्यापासून त्यात बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला होता. कारण हेच : उताणे बाळ ओकले तर घुसमटेल. हे कोणी तपासले नव्हते. ऐकायला पटत होते, एवढेच. 1970पर्यंत प्रसिद्ध झालेले अभ्यास एकत्र ठेवले असते, तर पालथ्या झोपेत अचानक मृत्यूचा धोका जवळपास तिप्पट असल्याचे तेव्हाच दिसले असते. लंडनच्या रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी ते एकत्र ठेवले 2005 साली. त्यांचा हिशेब असा : सल्ला वेळीच बदलला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये 10,000हून अधिक, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान 50,000 बाळे वाचू शकली असती.

ब्रिटनने 1991 साली आणि अमेरिकेने 1994 साली ‘बाळ उताणे झोपवा’ अशी मोहीम काढली. काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्यावर आले. आणि लाखो बाळे उताणी झोपू लागली, तरी दूध अडकून होणारे मृत्यू वाढले नाहीत. ज्या भीतीपोटी कित्येक दशके बाळांना पालथे घातले, ती खरी ठरलीच नाही.

कारण शरीररचनेतच आहे. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. उलटून आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर वर चढावे लागते. पालथ्या बाळात हे नेमके उलटे होते. कुशीवरचे बाळ तर झोपेत केव्हा पालथे होईल, सांगता येत नाही. आणि पालथ्या बाळाच्या ज्या गाढ झोपेचे कौतुक होते, धोका तिच्यातच आहे. श्वास कोंडला तर त्याला पटकन जाग येत नाही.

आपल्याकडे या भीतीला खतपाणी मिळत राहते. बाळ झोपेत गेले आणि ओठांशी दूध दिसले, की ‘दूध अडकले’ असे म्हणून विषय संपतो. शवविच्छेदन बहुधा होत नाही, बाळ कसे झोपवले होते हे कोणी विचारत नाही. अखेरच्या क्षणी किंवा मृत्यूनंतरही पोटातले दूध वर येते, हे त्या आईला सांगायचे कोणी? दुसरी गोष्ट अतिदक्षता विभागातली. कमी दिवसांच्या बाळाला तिथे कधी कधी पालथे ठेवतात, श्वासाला सोपे जाते म्हणून. पण अंगाला मॉनिटर असतो, शेजारी नर्स असते. आई काचेतून फक्त पालथे बाळ पाहते आणि घरी जाऊन तसेच करते. त्या काचेपाशी दोन वाक्ये बोलायला फार वेळ लागत नाही.

नुसते ‘उताणे झोपवा’ म्हणून भागणार नाही. डिस्चार्जचा कागद बाळाच्या वडिलांच्या हातात देतात. झोपवण्याचा निर्णय अनेक घरांत आजीचा असतो. डॉक्टरांनी आजींना बोलावून घ्यावे. दोन नळ्यांचे चित्र काढून दाखवावे. वर्षभर दर झोपेला उताणेच, उशीशिवाय, सपाट घट्ट अंथरुणावर. पालथे घालायचे ते जागेपणी, कोणी समोर असताना, हे सांगावे. आमच्यातले जुने डॉक्टर याच्या उलट सांगत, हेही मोकळेपणाने सांगावे. आशाताई पहिल्या 42 दिवसांत घरी येऊन बाळाचे वजन-ताप पाहतात. रात्री बाळाला कसे झोपवता, हे त्यांनी दर भेटीत आजींनाच विचारावे.