दूरचे युद्ध आणि आपले उत्तरदायित्व

७ ऑक्टोबर २०२३ हा दिवस अमेरिकेतील आपल्या समाजाला एका निराळ्याच कारणाने स्मरतो. त्या दिवशी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी जातिभेदास प्रतिबंध करणारे विधेयक, सिनेट बिल ४०३, नामंजूर केले. अनेक महिने पत्रे लिहिणारे, सुनावण्यांना उभे राहणारे आणि सॅक्रामेंटो येथे उपोषणास बसणारे आपले बांधव त्या वार्तेने सुन्न झाले. त्याच दिवशी पहाटे हमासच्या सशस्त्र टोळ्यांनी इस्रायलच्या दक्षिण सीमेवरील वस्त्यांवर हल्ला केला. सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि सुमारे २५० जणांना ओलीस धरून गाझात नेण्यात आले. आपल्या दुःखाच्या त्या दिवशी या दुसऱ्या बातमीकडे आपले पुरेसे लक्ष गेले नाही, हे मान्य केले पाहिजे.

त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १४ ऑक्टोबर रोजी, धम्मचक्र प्रवर्तनाच्या वर्धापनदिनी, मेरीलँड राज्यातील ॲकोकीक येथे बाबासाहेबांच्या १९ फूट उंचीच्या ‘समतेच्या पुतळ्या’चे अनावरण झाले. ज्यांना जाता आले ते गेले. ज्यांना जाता आले नाही त्यांनी घरी बसून तो सोहळा डोळ्यांत साठविला. त्याच दिवशी, शिकागोपासून जवळच्या प्लेनफील्ड येथे, सहा वर्षांच्या एका पॅलेस्टिनी वंशाच्या मुलाला त्याच्या घरमालकाने भोसकून ठार केले. त्याची आईही गंभीर जखमी झाली. मुलाचा अपराध एवढाच, की तो मुसलमान होता आणि दूर कोठेतरी युद्ध पेटले होते. पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने हा द्वेषमूलक खून असल्याचा निर्णय दिला आणि खुन्यास ५३ वर्षांची शिक्षा ठोठावली.

आपल्या दुःखाचा दिवस आणि आपल्या आनंदाचा दिवस हे दोन्ही या युद्धाच्या दिनांकांशी असे जोडले गेले आहेत. हा निव्वळ योगायोग होय. त्यातून काही गूढ अर्थ काढणे आपल्या बुद्धिवादास शोभणार नाही. परंतु ज्या देशात आपण राहतो, ज्याला कर देतो, ज्याच्या शाळांत आपली मुले शिकतात, त्या देशाचा या युद्धाशी निकटचा संबंध आहे आणि म्हणून आपलाही आहे, एवढे ध्यानी येण्यास तो योगायोग पुरेसा आहे. अमेरिका व इस्रायल यांच्यातील २०१६ च्या सामंजस्य करारान्वये दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत देण्याचे ठरले. ती रक्कम जशी सिनेटरच्या करातून जाते, तशीच ती एच-१ व्हिसावर राबणाऱ्या आपल्या तरुण अभियंत्याच्या करातूनही जाते.

मग आपण काय केले? रविवारच्या वंदनेनंतर जेवणाच्या पंगतीत जे बोलले गेले, त्याचे तीन प्रकार आम्ही ऐकले. पहिला : ‘हे आपले युद्ध नव्हे, आपले प्रश्न काय थोडे आहेत?’ दुसरा : ‘मुसलमानांना हे असेच पाहिजे.’ हे वाक्य आपल्या घरांत भारतातून येणाऱ्या संदेशांबरोबर शिरले आहे, आणि ज्या शक्ती ते पसरवितात त्या आपल्याविषयी काय बोलतात, याचाही आपल्याला विसर पडला आहे. तिसरा : ‘पीडितांनी केलेला प्रत्येक प्रहार न्याय्यच असतो, ७ ऑक्टोबरविषयी खेद करण्याचे कारण नाही.’ पहिल्या प्रकारात उदासीनता आहे, दुसऱ्यात द्वेष आहे, तिसऱ्यात आंधळी सहानुभूती आहे. तिन्हींत एक गोष्ट समान आहे. मेलेले मूल कोणाचे, हे विचारल्यावाचून त्यांतील कोणालाही दुःख करता येत नाही.

या प्रसंगी बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेल्या ग्रंथाकडे वळणे अप्रस्तुत ठरणार नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनाची पारंपरिक कथा बाबासाहेबांनी स्वीकारलेली नाही. त्यांनी शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. शाक्य संघात सेनापती युद्धाचा ठराव मांडतो तेव्हा सिद्धार्थ विरोधास उभा राहतो. तो केवळ ‘युद्ध वाईट’ असे म्हणून बसत नाही. आधी चौकशी करा, असे तो सांगतो. आपल्या माणसांकडूनही आगळीक झाली असल्याचे ऐकिवात आहे, हे तो भर सभेत बोलून दाखवितो. आणि दोन्ही बाजूंचे दोन दोन प्रतिनिधी व त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशी तोड सुचवितो. बहुमत विरुद्ध जाते. बहिष्काराचे आणि कुटुंबाच्या जमिनी जप्त होण्याचे भय समोर येते. तरीही तो युद्धास संमती देत नाही, परिव्रज्या पत्करतो.

आपल्या पक्षाचा दोष आपल्याच सभेत बोलून दाखविणे, हेच त्या प्रसंगाचे मर्म होय. शत्रूचे दोष मोजण्यास धैर्य लागत नाही.

बाबासाहेब युद्धाचा सरसकट निषेध करणारे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात नाझीवादाचा पराभव झालाच पाहिजे, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती आणि १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. न्यायासाठी बळाचा वापर आवश्यक ठरू शकतो, हे त्यांनी मानले. तेव्हा प्रत्येक राष्ट्राला आपल्या नागरिकांचे रक्षण करण्याचा अधिकार आहे आणि प्रत्येक समाजाला स्वातंत्र्याचा अधिकार आहे, हे मान्य करूनच प्रश्न उरतो, की बळ वापरावे कसे, आणि कोणावर?

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या आरंभीच्या माणसांपैकी एक न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात शिकवीत होते. बाबासाहेब १९१३ साली ज्या विद्यापीठात आले, त्याच संस्थेतील प्राध्यापक फ्रान्सिस लीबर यांनी पन्नास वर्षे आधी, १८६३ मध्ये, यादवी युद्धात लढणाऱ्या सैन्यासाठी नियमावली तयार केली आणि अध्यक्ष लिंकन यांनी ती लागू केली. लीबर यांचे पुत्र त्या युद्धात दोन्ही बाजूंनी लढले. एक दक्षिणेच्या सैन्यात मृत्यू पावला. उत्तरेच्या सैन्यातील दुसऱ्याचा हात गेला. अशा पित्याने नियम लिहिला, की कैद्याला क्रूरतेने वागवू नये, निःशस्त्र नागरिकाला शक्य तितके वाचवावे, आणि युद्धाचा कायदा सैनिकासैनिकांत वर्णावरून भेद जाणत नाही. त्याच सुमारास युरोपात सॉल्फेरिनोच्या रणभूमीवरील (१८५९) जखमींचे हाल पाहून आंरी द्युनाँ यांनी रेडक्रॉसची कल्पना मांडली. या दोन प्रवाहांचा विकास होत १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हाचे चार करार झाले. भारताने १९५० मध्ये त्यांना मान्यता दिली, तेव्हा बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते. इस्रायलने १९५१ मध्ये आणि अमेरिकेने १९५५ मध्ये मान्यता दिली. पॅलेस्टाईन २०१४ मध्ये सहभागी झाले.

या कायद्याचे सार चार वाक्यांत सांगता येते. ओलीस धरणे हा गुन्हा आहे. एकाच्या कृत्यासाठी सर्वांना शिक्षा देणे हा गुन्हा आहे. रुग्णालये, अन्न आणि पाणी यांना हात लावता येत नाही; लष्करी वापर झाल्याने रुग्णालयाचे संरक्षण गेले तरी आधी इशारा द्यावा लागतो आणि आतील रुग्णांचा विचार करावाच लागतो. आणि शत्रूने नियम मोडला म्हणून आपण मोडण्यास मोकळे होत नाही. या मापाने पाहता ७ ऑक्टोबरची कत्तल व ओलिसांचे अपहरण यांचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. आणि याच मापाने, गाझात पुढील दोन वर्षांत जे घडले त्याचेही समर्थन होऊ शकत नाही. तेथील आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार मृतांचा आकडा २०२५ च्या अखेरीपूर्वीच ७०,००० च्या वर गेला; ऑगस्ट २०२५ मध्ये अन्नसुरक्षेचे मापन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने गाझा शहर व परिसरात दुष्काळ जाहीर केला. तो दुष्काळ पाऊस न पडल्याने आलेला नव्हता.

संतुलित भूमिका म्हणजे दोन्ही दुःखे तराजूत घालून समसमान दाखविणे नव्हे. तराजू एकच असावा, एवढेच तिचे म्हणणे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान, त्यांचे माजी संरक्षणमंत्री आणि हमासचा लष्करी प्रमुख अशा तिघांविरुद्ध एकाच दिवशी अटक वॉरंट काढली, ती याच न्यायाने. काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अमेरिकेने त्या न्यायालयावरच निर्बंध लादले.

येथे एक रास्त आक्षेप येतो. ज्या कायद्याला बलवान जुमानत नाहीत, त्याचा उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर जगात कोणी द्यावे, तर ते आपणच. अस्पृश्यता संविधानाच्या १७ व्या कलमाने नष्ट झाली, आणि तरीही १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला. तो कायदा झाला, आणि तरीही खैरलांजीच्या खटल्यात २००८ मध्ये न्यायालयाने त्या कायद्याखाली कोणासही दोषी धरले नाही. म्हणून आपल्यापैकी कोणी ‘कायदा फाडून टाका’ असे म्हटले काय? नाही. कायदा लागू करा, असेच आपण म्हणत आलो. कारण ज्याच्यापाशी धन नाही, सैन्य नाही, वृत्तपत्र नाही, त्याच्यापाशी दाद मागण्यासाठी कायद्याचे ते एक पानच असते. मृत कोणत्या जातीचा हे पाहून कलमे लावली जातात, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. मृत कोणत्या राष्ट्राचा हे पाहून नियम लावले जातात, तेव्हा आपण गप्प कसे बसावे?

यहुदी बांधवांविषयीही आपण परक्यासारखे बोलू नये. कोकणातील ‘शनिवार तेली’ म्हणजे बेने इस्रायल. त्यांच्या घरात मराठी बोलली जाई, आणि इस्रायलला गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले. तेथेही त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेण्यात आली, विवाहास आडकाठी झाली, आणि १९६४ पर्यंत समान दर्जासाठी त्यांना झगडावे लागले. मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये २००८ साली काय घडले, ते आपण विसरलेलो नाही. आणि या देशातही मे २०२५ मध्ये वॉशिंग्टन येथे इस्रायली वकिलातीच्या दोन तरुण कर्मचाऱ्यांची हत्या झाली. पुढच्याच महिन्यात कोलोरॅडोतील बोल्डर येथे ओलिसांच्या सुटकेसाठी जमलेल्या लोकांवर पेटती बाटली फेकण्यात आली. प्लेनफील्डचे मूल आणि हे लोक एकाच द्वेषाचे बळी आहेत.

यास्तव आमची संघटनेस व प्रत्येक कुटुंबास विनंती आहे.

जे नागरिक आहेत त्यांनी आपल्या काँग्रेस सदस्यास पत्र लिहावे. त्यात ७ ऑक्टोबरचा निषेध आणि गाझातील नागरिकांच्या संहाराचा निषेध एकाच परिच्छेदात असावा. मानवी हक्कांचे गंभीर उल्लंघन करणाऱ्या परकीय लष्करी तुकड्यांना मदत देण्यास मनाई करणारा ‘लेही कायदा’ या देशाचाच आहे. तो मित्र आणि अमित्र असा भेद न करता लागू करा, एवढीच मागणी करावी. पत्रांनी काही होत नाही, असे म्हणू नये. सिएटलच्या नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, ती आपल्या पत्रांमुळे व साक्षींमुळे. त्याच परिषदेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शस्त्रसंधीचा ठरावही संमत केला. शिकागोत जानेवारी २०२४ मध्ये मते समसमान पडली आणि महापौरांच्या एका मताने तसाच ठराव झाला. एका मताचे मोल यापरते काय सांगावे?

जे व्हिसावर आहेत त्यांची भीती आम्ही जाणतो. मार्च २०२५ मध्ये बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठातील एका पॅलेस्टिनी पदवीधरास, ग्रीनकार्ड असूनही, निदर्शनांतील सहभागामुळे अटक झाली. म्हणून त्यांच्यावर कोणी दडपण आणू नये. ज्यांना नागरिकत्वाचे कवच लाभले आहे, त्यांनी त्यांच्याही वाट्याचे बोलावे. मात्र प्रत्येकाला दोन गोष्टी निश्चित करता येतील. खातरजमा न केलेला द्वेषाचा संदेश पुढे पाठवू नये. आणि आपल्या गल्लीतील मशिदीवर वा सिनेगॉगवर कोणी काही लिहिले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे जाऊन उभे राहावे. जातिभेदविरोधी विधेयक कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये मांडणाऱ्या आयशा वहाब या अफगाण निर्वासितांच्या कन्या आहेत. ‘हा माझा प्रश्न नव्हे’ असे त्या म्हणाल्या नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली आणि हयात असलेले ओलीस घरी परतले, याचे समाधान आहे. परंतु त्यानंतरही गाझात माणसे मरत राहिली; आणि शस्त्रसंधी म्हणजे न्याय नव्हे. पुढचे युद्ध कोठे पेटेल हे कोणास ठाऊक? ते पेटेल तेव्हा आपल्या मुलांनी आपणांस विचारू नये, की मागच्या वेळी तुम्ही काय बोललात.

वंदनेच्या अखेरीस आपण सर्वांचे मंगल चिंतितो. त्या ‘सर्व’ शब्दात कोणाला वगळण्याची मुभा तथागतांनी दिलेली नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!