जुन्या गाडीला नवे डोळे बसतात का?

इलेक्ट्रिक गाडी म्हणजे चाकांवरचा कॉम्प्युटर, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की आता ते खरंच वाटायला लागलंय. आणि एकदा ते मान्य केलं की पुढचा विचार आपोआप येतो. कॉम्प्युटर जुना झाला की आपण काय करतो? रॅम वाढवतो, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकतो, फारच झालं तर मदरबोर्ड बदलतो. मग गाडीचंही तसंच का नाही? मोटर ठणठणीत आहे, बॅटरी बरी आहे, फक्त नव्या गाड्यांमधलं ते 'एडास' नाही. (एडास म्हणजे कॅमेरा आणि रडारच्या मदतीने ड्रायव्हरला सावध करणारी आणि वेळ आली तर स्वतः ब्रेक मारणारी यंत्रणा.) घ्यावं की बसवून!

माझं मत विचाराल तर, घेऊ नये. निदान जे 'स्वतः ब्रेक मारणारं' म्हणून विकलं जातंय, ते तर नाहीच. का, ते सांगतो.

पाथर्डीला माझा मावसभाऊ असतो. नगर जिल्ह्याला इलेक्ट्रिक गाडीचं फारसं अप्रूप राहिलेलं नाही. एसटीची पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' १ जून २०२२ ला धावली ती पुणे-नगर मार्गावरच. तर या पठ्ठ्याने २०२० सालची नेक्सॉन इव्ही सेकंडहँड घेतली. आठवड्यातून तीन-चारदा नगरला (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय) जाणं-येणं. पन्नासेक किलोमीटर, मध्ये करंजीचा घाट, आणि परतताना हमखास अंधार. त्याला एका विक्रेत्याने सांगितलं, 'लेव्हल टू किट' बसवून देतो, गाडी आपोआप थांबेल. लगेच फोन. "दादा, तू कॉम्प्युटरवाला. बसवू का, सांग."

आता जरा यंत्राकडे बघू. गाडीने स्वतः थांबायचं तर तिला तीन गोष्टी लागतात: डोळे, डोकं आणि हातपाय. डोळे म्हणजे कॅमेरा आणि रडार. डोकं म्हणजे त्यातून आलेल्या माहितीचा अर्थ लावणारा प्रोसेसर. हातपाय म्हणजे त्या प्रोसेसरचं ऐकून ब्रेक दाबणारी आणि स्टिअरिंग वळवणारी यंत्रणा. आपण सॉफ्टवेअरवाले डोक्याच्या प्रेमात असतो, पण खरी अडचण हातापायांची आहे. ब्रेकची यंत्रणा बाहेरच्या कॉम्प्युटरचा हुकूम घेण्यासाठी बनवलेलीच नसेल, तर वरून कितीही हुशार डबा चिकटवा, तो फक्त ओरडू शकतो.

खात्री हवी असेल तर 'ओपनपायलट' बघा. कॉमा या अमेरिकन कंपनीने हे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ओपन सोर्स केलं. काचेवर डबा लावायचा आणि गाडी लेन धरून चालते. कौतुक करावं असंच काम आहे. पण त्याची पहिली अट कोणती? गाडीत कंपनीचंच एडास आधीपासून हवं! म्हणजे ओपनपायलट डोळे आणि डोकं देतं, हातपाय गाडीचे स्वतःचे लागतात. इतक्या हुशार मंडळींना जे टाळता आलं नाही, ते दुकानातल्या किटने साधलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

बरं, हातपाय असले तरी सगळं सुरळीत होतं का? टेस्लाचं उदाहरण घ्या. २०१४ च्या ऑक्टोबरपासून त्यांच्या गाड्यांत समोर बघणारा एक कॅमेरा आणि एक रडार यायला लागलं. दोन वर्षांनी, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, कंपनीने जाहीर केलं की यापुढे बनणाऱ्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलित होण्यासाठी लागणारं हार्डवेअर असेल. लोकांनी त्या भरवशावर हजारो डॉलर आगाऊ मोजले. २०१९ मध्ये कळलं की कॉम्प्युटर कमी पडतोय. कंपनीने नवा बनवला आणि पैसे भरलेल्यांना तो फुकट बदलून दिला. हे चांगलंच केलं. पण २०२५ च्या जानेवारीत खुद्द मस्क यांनीच कबूल केलं की तो 'नवा' कॉम्प्युटरही पुरणार नाही, पैसे भरलेल्यांचा पुन्हा बदलावा लागेल. आणि २०१४ ची एका कॅमेऱ्याची गाडी? तिला कंपनीने ही वाट कधी दिलीच नाही. आठ कॅमेऱ्यांची जागा, वायरिंग, सगळंच वेगळं. डोकं बदलता येतं, डोळ्यांच्या खोबण्या नव्याने कोरता येत नाहीत.

आपल्याकडेही चित्र फार वेगळं नाही. एमजीची झेडएस इव्ही जानेवारी २०२० मध्ये आली, तिच्यात लेव्हल टू एडास यायला जुलै २०२३ उजाडला. नेक्सॉन इव्हीत ते आलं २०२५ मध्ये. नाव तेच, पण आतून गाडी तीच नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची हमीच साधारण ८ वर्षांची, २०२० च्या नेक्सॉन इव्हीची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. म्हणजे २०२० ची गाडी अजून बरीच वर्षं रस्त्यावर राहणार, आणि ती पुण्या-मुंबईतून पाथर्डी, शेवगावकडे येत राहणार. शहरातला पहिला मालक नवी गाडी घेऊन मोकळा. कमी-जास्त काय ते दुसऱ्या मालकाच्या पदरात.

आणि त्या दुसऱ्या मालकाचा रस्ता कसला आहे? हंगामात वृद्धेश्वर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, एकामागे एक दोन जोडलेल्या, मागे दिवा असलाच तर नशीब. बैलगाड्या, मेंढ्यांचे कळप. कित्येक ठिकाणी पांढरे पट्टे पुसलेले, म्हणजे लेन ओळखणारा कॅमेरा तिथे बसून राहणार. उसाने भरलेली ट्रॉली मागून गाडीसारखी दिसते का? मला तर अंधारात ती झुडपासारखी दिसते. २०१६ च्या मे महिन्यात फ्लोरिडात टेस्लाची अशीच सुरुवातीच्या हार्डवेअरची गाडी रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरखाली गेली आणि चालक दगावला. चौकशीत निघालं की आडव्या येणाऱ्या वाहनासाठी ती यंत्रणा बनवलेलीच नव्हती, आणि चालक मात्र तिच्यावर फार विसंबून होता. आमच्याकडे शेतातून ट्रॅक्टर आडवा येणं ही रोजची गोष्ट आहे हो.

म्हणून मग जुन्या गाडीला काहीच बसवू नये का? तसंही नाही. नागपुरात २०२१ मध्ये 'आयरास्ते' प्रकल्प सुरू झाला. महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपलआयटी अशा संस्था त्यात होत्या. शहरातल्या चालू बसना समोरची टक्कर ओळखून ड्रायव्हरला सावध करणारी उपकरणं लावली. बस स्वतः ब्रेक मारत नाही, इशारा देते. शिवाय असे इशारे कुठे वारंवार मिळतात त्यावरून रस्त्यावरच्या धोक्याच्या जागा शोधता येतात, अपघात होऊन तिथे 'ब्लॅक स्पॉट' ठरायच्या आधीच. मला हा जुन्या गाडीचा प्रामाणिक अपग्रेड वाटतो. जेवढं जमतं तेवढंच करतो, आणि ब्रेकवरचा पाय ड्रायव्हरचाच आहे हे विसरू देत नाही.

मावसभावाला मी तेच सांगितलं. इशारा देणारा चांगला कॅमेरा लाव. उरलेल्या पैशात टायर, ब्रेक पॅड आणि हेडलाइटचं अलाइनमेंट बघ. आणि ब्रेकच्या वायरिंगला कुणालाही हात लावू देऊ नकोस. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत परवानगीशिवाय बदल करायला मनाई करतं, उद्या अपघात झाला तर विमा कंपनी तेवढंच शोधेल. त्याला हे फारसं आवडलं नाही. :)

पण त्याची हौस चुकीची नाही, आणि त्याला फक्त 'नको' म्हणून आपली सुटका होत नाही. सीएनजी किट बसवायचं तर मान्यताप्राप्त किट लागतं आणि आरसी बुकावर नोंद होते. पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायच्या किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. मग एडासच्या किटलाही पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासणी आणि नोंद का नको? किटवर ठळक लिहिलेलं असावं: हे इशारा देतं की ब्रेक मारतं, अंधारात किती बघतं, उसाची ट्रॉली ओळखतं का. आणि कंपन्यांनी 'हार्डवेअर तयार आहे, सॉफ्टवेअर नंतर येईल' असं म्हणून पैसे घेतले, तर कोणता भाग किती वर्षं बदलून देणार ते विक्रीच्या कागदावर लिहून द्यावं. आपण ऑफिसात साध्या एपीआयचंही व्हर्जन आणि सपोर्टची मुदत लिहून मागतो. ज्याच्या भरवशावर माणूस रात्री घाट उतरणार, त्याची मुदत विचारायला लाजायचं कशाला?

तुमच्यापैकी कुणी अशी इशारा देणारी उपकरणं आपल्या रस्त्यांवर वापरली असतील तर जरूर सांगा. विशेषतः रात्री आणि उसाच्या हंगामात.