अंदाजपत्रकावर सही कोणाची?

(बी. कॉम. भाग ३)

माझे आजोळ तिगाव. नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर पांढुर्ण्याला लागून असलेले लहानसे स्टेशन. राज्य मध्य प्रदेश, पण घरात आणि बाजारात मराठी. सगळीकडे संत्र्याच्या बागा. मी लहान असताना मामांनी बागेत विहीर खोदायला काढली. अंदाज केला दोन लाखांचा. आजोबा म्हणाले, "गावात ज्यांनी ज्यांनी विहीर खणली, त्यांना किती खर्च आला ते आधी विचारून ये." मामा हसून म्हणाले, "त्यांची जमीन वेगळी, आपली वेगळी." वीस फुटांवर काळा पाषाण लागला. विहीर झाली, पाणीही लागले. पण खर्च सव्वाचार लाखांवर गेला आणि आजीच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या.

आजोबा शाळा फारसे शिकलेले नव्हते. पण त्यांनी त्या दिवशी जे सांगितले, तेच एका मोठ्या समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभर संशोधन करून सांगितले आहे, हे मला गेल्या वर्षी कळले. त्यांचे नाव बेंट फ्लिव्हबियर्ग. हे गृहस्थ डेन्मार्कचे. तेथील आल्बोर्ग विद्यापीठात आणि नंतर ऑक्सफर्डला ते प्राध्यापक होते. मोठमोठे प्रकल्प ठरल्या खर्चात आणि ठरल्या वेळेत का होत नाहीत, हा त्यांचा अभ्यासविषय.

२००२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २० देशांतील २५८ रस्ते, रेल्वे, पूल व बोगदे यांचे हिशेब तपासले. दर दहांपैकी नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा वाढलेला आढळला. रेल्वेच्या कामांत ही वाढ सरासरी सुमारे ४५ टक्के, पूल-बोगद्यांत ३४ टक्के आणि रस्त्यांत २० टक्के होती. ही वाढ महागाई वजा करून काढलेली आहे, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. २०१४ साली ६५ देशांतील २४५ मोठ्या धरणांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी वाढ ९६ टक्के निघाली, म्हणजे खर्च जवळजवळ दुप्पट.

यात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. चूक जर प्रामाणिक असती, तर कधी अंदाज जास्त आला असता, कधी कमी. आणि सत्तर वर्षांच्या अनुभवाने माणसे थोडी तरी शहाणी झाली असती. पण अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतात आणि सत्तर वर्षांत त्यांत सुधारणा दिसत नाही. म्हणून फ्लिव्हबियर्ग दोन कारणे देतात. एक, माणसाचा स्वाभाविक आशावाद. 'आपली जमीन वेगळी' असे मामांना खरोखरच वाटत होते. दुसरे कारण अधिक कटू आहे. खरा आकडा सांगितला तर मंजुरी मिळणार नाही, म्हणून जाणूनबुजून कमी आकडा लिहिला जातो.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. पांढुर्ण्याच्या जाम नदीचे पाणी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, आणि त्याच वैनगंगेवर पुढे पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. म्हणजे माझ्या आजोळच्या मुलखातला पाऊसच तेथे अडवला जातो. १९८३ साली या प्रकल्पाला मान्यता मिळाली, तेव्हा अंदाजित खर्च होता ३७२ कोटी रुपये. नागपूर, भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची होती. १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ मध्ये केंद्राने तो राष्ट्रीय प्रकल्प ठरवला. आणि २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने जी सुधारित किंमत मान्य केली, ती आहे सुमारे २५,९७२ कोटी. मूळ आकड्याच्या जवळजवळ सत्तर पट!

कोणी म्हणेल, महागाई नाही का वाढली? जरूर वाढली. या चाळीस-बेचाळीस वर्षांत किमती वीस पट झाल्या असे सढळ हाताने धरू. ३७२ कोटींचे साडेसात हजार कोटी होतात. उरलेल्या अठरा हजार कोटींना महागाई म्हणता येणार नाही. भूसंपादन, पुनर्वसन, कामाची वाढलेली व्याप्ती आणि सर्वांत मोठा म्हणजे विलंब, ही त्यांची नावे. मान्यतेच्या वेळी ज्या शेतकऱ्याच्या घरी पाळणा हलला असेल, तो मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला. कालव्याची वाट पाहण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली, आणि ज्यांनी धरणासाठी गाव सोडले त्यांची पुनर्वसनाच्या रांगेत. ही किंमत तर कोणत्याच अंदाजपत्रकात नाही.

आमच्या वर्गात यावर चर्चा झाली तेव्हा एका मित्राने चांगला प्रश्न काढला. खरा खर्च आधीच सांगितला असता, तर एकही धरण झाले नसते. थोडे अज्ञान उपकारकच नाही का? हा युक्तिवाद नवा नाही. आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञानेही १९६७ साली असेच म्हटले होते, की अडचणी आधी दिसत नाहीत हे बरेच, कारण मग माणूस कामाला हात घालतो आणि वाट काढतो. मला हे पटत नाही. पैसा मर्यादित आहे. कमी आकडा दाखवून जो प्रकल्प पुढे घुसतो, तो खरा आकडा दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रकल्पाला मागे ढकलतो. मग जे काम चांगले ते मंजूर होत नाही. ज्याचा कागद गोड ते मंजूर होते.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो, कारण मी स्वतः तेच केले आहे. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाचा खजिनदार मी होतो. मंडप, ध्वनिक्षेपक, जेवण मिळून नव्वद हजार लागतील हे मला ठाऊक होते. पण एवढी रक्कम मंजूर होणार नाही म्हणून मी साठ हजार लिहिले. 'एकदा मंडप उभा राहिला की कोण अडवतो' असा माझा हिशेब होता. तो खरा ठरला. तूट मात्र कोठून तरी भरायची होती. ती वक्तृत्व स्पर्धेच्या रोख बक्षिसांतून भरली. विजेत्यांना नुसती प्रमाणपत्रे दिली. कन्नड विभागातली पहिली आलेली मुलगी त्या बक्षिसातून परीक्षेची फी भरणार होती, हे मला नंतर समजले. ती मला काही बोलली नाही. माझ्या सहीचा कागद अजून कार्यालयात आहे.

उपाय काय? फ्लिव्हबियर्ग सांगतात तो उपाय आजोबांचाच आहे. आपल्या कामाचा विचार करण्याआधी तशाच झालेल्या कामांचा प्रत्यक्ष खर्च पाहा आणि त्या अनुभवाइतकी वाढ अंदाजात आधीच धरा. नोबेल पारितोषिक मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान यांच्या विचारांवर ही पद्धत आधारलेली आहे. ब्रिटिश सरकारने २००४ पासून मोठ्या वाहतूक प्रकल्पांना ती लागू केली. याला नवे यंत्र लागत नाही. जुने हिशेब लपवून न ठेवण्याची तयारी लागते.

मराठीत आपण 'अंदाज' म्हणतो, कन्नडमध्ये 'अंदाजु'. दोन्हीकडे शब्द एकच आणि सवयही एकच. पाटबंधारे खात्याला शहाणपण शिकवण्याइतका मी मोठा नाही. पण आपल्या कॉलेजपुरती एक सूचना करतो. स्नेहसंमेलनाचे अंदाजपत्रक करण्यापूर्वी मागील पाच वर्षांचा प्रत्यक्ष खर्च समितीपुढे ठेवावा. आणि समारंभानंतर अंदाज व खर्च हे दोन्ही आकडे, सही करणाऱ्याच्या नावासह, याच अंकात मराठी व कन्नड दोन्ही विभागांत शेजारी शेजारी छापावेत. सुरुवात माझ्यापासून करावी: अंदाज ६०,००० रुपये, खर्च ९१,४०० रुपये.